शेजारचं विरजण

दुपारी सव्वा वाजता ओट्यावरचं स्टीलचं झाकण फरशीवर पडलं, गरगर फिरलं आणि दम लागल्यासारखं हळूहळू थांबलं.

तोवर घर चिडीचूप होतं. चटईवर हत्ती रंगवत बसलेली जुई दचकली. तिच्या हातातला खडू निसटला. “झाकण पडलं,” असं स्वतःलाच सांगून ती पुन्हा रंगवायला लागली.

झाकण आपणहून पडलं नव्हतं. त्याच्या कडीला बांधलेला दोरा केतकीच्या हातात होता. तिनं वहीत लिहिलं, ‘झाकण – दचकली.’ मग ती पावलं न वाजवता जुईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. चेहरा दिसू द्यायचा नाही, हे ठरलेलं होतं. गळ्याच्या शिरा ताणून तिनं खऱ्या रागानं हाक मारली, “जुई, थांब तिथंच.”

“काय गं आई?” मान वर न करता, गाण्यातली ओळ म्हणावी तशी जुई म्हणाली.

आतून सासूबाईंचा आवाज आला. “केतकी, पोरीच्या अंगावर काय ओरडतेस? काय केलं तिनं?”

म्हणजे माईंना तिचा राग भिंतीपलीकडून कळला होता. जुईला दोन हातांवरून कळला नव्हता. केतकीनं तेही लिहिलं. पाच मिनिटांनी तिनं तीच हाक लाडानं मारली. उत्तर तेच आलं, आणि सूरही तोच.

नोंदींचा आज नववा दिवस होता. नऊ दिवसांपूर्वी जुईनं तापलेल्या इस्त्रीकडे हात नेला, तेव्हा केतकी जिवाच्या आकांतानं किंचाळली होती. जुईनं हसून मागे पाहिलं होतं आणि हसता हसताच इस्त्रीवर बोटं टेकली होती. फोड आता सुकले होते. डॉक्टर म्हणाले, मुलं या वयात हट्टी होतात. पण केतकीनं त्या क्षणी पोरीचा चेहरा पाहिला होता. त्यावर हट्ट नव्हता. कुणीतरी कौतुकानं बोलावल्यावर फुलतो, तसा तो चेहरा होता.

जुईला जन्मतः ऐकू येत नव्हतं. ती दीड वर्षाची असताना तिच्या कानाच्या आतल्या शंखात केसासारखी बारीक तार बसवली. कानामागे लावायचं यंत्र बाहेरचा आवाज टिपतं, एका प्रोग्रामच्या सांगण्याप्रमाणे त्याचे विजेचे सूक्ष्म ठोके करतं, आणि ते ठोके तारेतून थेट नसेला पोचतात. जुई ऐकते तो खरं तर आवाज नव्हेच. ते आवाजाचं भाषांतर. आणि ते तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाला ऐकता येत नाही.

या भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामचं नाव कानोसा. यंत्रं बनवणारी कंपनी जुईला तार बसवल्यावर काही महिन्यांतच बंद पडली. जाताना तिनं कानोसाची मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्राम, पालकांच्या हवाली केली. तेव्हापासून अशा मुलांचे आईबापच तो सांभाळत. घरातल्या, लिनक्स या मोफत प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर कानोसा बसवायचा, यंत्र तारेनं जोडायचं आणि मुलाच्या कानाच्या बेतानं जुळवायचं. लिनक्सची नवी आवृत्ती आली की जुना कानोसा उघडेनासा व्हायचा, मग कुणीतरी तो नव्यानं बांधायचा. दोन वर्षं हे ‘कुणीतरी’ म्हणजे केतकी होती. मूळची ती भूगोलाची शिक्षिका. जुई दुपारी झोपते त्या दीड तासात ती हे शिकली. लागणारी हत्यारं जमवायची, संहिता त्यांच्या हाती द्यायची, आणि तयार झालेला प्रोग्राम, पडद्यावरचं त्याचं चित्र, त्याच्या बारीकसारीक गरजेच्या वस्तू असं सगळं एका फायलीत बांधायचं. पालकांच्या गटात त्या फायलीला गाठोडं म्हणत. गाठोडं सोडलं की कानोसा पडद्यावर हजर.

पण गाठोड्यात वाटेत कुणी काही घुसडलं तर? त्यासाठी ठशाचा कायदा होता. एकाच संहितेपासून हजार घरांत हजार गाठोडी बांधायची आणि प्रत्येकाचा ठसा काढायचा. ठसा म्हणजे सबंध फायलीवरून गणितानं काढलेला एक लांबलचक आकडा. फायलीतलं एक अक्षर बदललं तरी तो पार बदलतो. सगळ्या घरांचे ठसे जुळले, की प्रोग्राम सच्चा. दवाखाने, रेल्वे, टेलिफोन, सगळं जग या जुळण्यावर चालत होतं आणि लोक निर्धास्त होते. इतके, की फोनवर माणसं कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत याचंही कुणाला नवल वाटत नसे. ‘फोनची सभ्यता’ असा पाचवीच्या पुस्तकात धडाच होता. भांडायचं असेल तर माणसं समोरासमोर येऊन भांडत.

दुसऱ्या दिवशी बहिरट सर सायकल भिंतीला टेकवून वर आले. मिरजेच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी एकतीस वर्षं संगणक शिकवला होता आणि केतकीच्या पहिल्या गाठोड्याच्या गाठी त्यांनीच सोडवून दिल्या होत्या.

“आडनाव बहिरट आणि बोलावतात कानाच्या कामाला,” चपला काढता काढता ते म्हणाले. “बोला, काय संशय आहे?”

केतकीनं वही पुढे केली. सरांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली.

“तुमच्या गाठोड्याचा ठसा किती घरांशी जुळला?”

“एक्केचाळीस हजार. सगळ्यांशी.”

“मग झालं तर. संहिता मी स्वतः ओळ न् ओळ वाचलीय. तिच्यात राग गाळणारं काही नाही.”

“सर, ठसा जुळला म्हणजे सगळ्यांचं सारखं आहे एवढंच कळतं ना? बरोबर आहे, हे कुठं कळतं?”

सर हसले. “बरं. संहिता आपण वाचतो. यंत्राला ती वाचता येत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. संहितेचे आकडे करतो तो संकलक. आपण सगळे जो वापरतो तो शिल्पी. म्हणजे तुमचा संशय शिल्पीवर आहे.”

“त्याचीही संहिता असेल की.”

“आहे. हजारो लोकांनी वाचलेली आहे. स्वच्छ आहे. तरी तुमच्या समाधानासाठी एक करू. युरोपातल्या लोकांनी त्वष्टा नावाचा वेगळा संकलक केलाय. शिल्पीशी त्याच्या संहितेचा काडीचा संबंध नाही. त्याच्याकडून कानोसा बांधून बघा. शिल्पी लबाड असेल तर त्वष्ट्यानं बांधलेला कानोसा वेगळा वागेल.”

त्वष्ट्याची हत्यारं मांडण्यात केतकीच्या अकरा दुपारी गेल्या. एक वस्तू मागवावी तर ती आणखी चार मागायची. एकदा सगळं जुळत आलं आणि जुई उठून मांडीवर येऊन बसली. तिच्या केसांचा वास घेत केतकीनं एका हातानं शेवटच्या चार आज्ञा दिल्या. बाराव्या दिवशी नवा कानोसा जुईच्या यंत्रात गेला. केतकीनं पाठीमागून, रागानं हाक मारली.

“काय गं आई?”

तोच गाण्यासारखा सूर. सरांनी निरोप पाठवला, ‘आता तरी निवांत व्हा. दोन वेगळे साक्षीदार एकच सांगताहेत.’

केतकी निवांत झाली नाही. उलट रात्रंदिवस तिला स्वतःचाच संशय यायला लागला. आपल्याच आवाजात काही कमी असेल का? आपण चिडतो ते पोरीपर्यंत पोचण्याइतकं खरं नसेल का? संध्याकाळी सातला सारंगचा फोन यायचा. तो समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता, तीन महिन्यांतून एकदा घरी यायचा. तिनं त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तू फार विचार करतेस.” तिला वाटलं, याला काळजी कशी वाटत नाही?

त्या आठवड्यात घरात दुसरंच एक संकट होतं. माईंच्या दह्याला तार सुटायला लागली होती. चमचा उचलावा तर दही शेंबडासारखं लोंबायचं. माईंसाठी ही मानहानीच. लग्न होऊन आल्या तेव्हा मावशीकडून वाटीभर विरजण आणलं होतं. त्याच दह्याची आजची कवडी आदल्या दिवसाच्या कवडीतून, असं बेचाळीस वर्षं चाललेलं.

“मी पेडणेकर वहिनींकडून विरजण आणलं,” माई सांगत होत्या. “दूध नवं, भांडं उकळून घेतलेलं, विरजण शेजारचं. तरी बघ, आज परत तार. काय समजावं?”

“त्यांच्याही दह्याला तार येते का?”

“येते की. ती बया खाते तसंच, बोलत नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं.” माईंनी कपाळावर हात मारला. “गणपतीत तिचं दही संपलं होतं. मीच दिली होती वाटी. खालच्या आडमुठ्यांनाही मीच दिली होती. सगळ्या बिल्डिंगीत माझंच दही नांदतंय. शेजारून आणलं म्हणून काय झालं, आपलंच आपल्याकडं परत आलं.”

केतकीच्या हातातली वाटी हातातच राहिली.

“माई, मग आता करायचं काय? सगळीकडे आपलंच असलं तर?”

“विरजण न लावता दही लावायचं. कोमट दुधात वाळक्या मिरच्यांचे देठ टाकून ठेवायचे. पहिल्या खेपेला काहीतरी पाणचट लागतं. त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं, त्यातलं घेऊन तिसरं. चौथ्याला खाण्यासारखं होतं. वेळ लागतो, पण कुणाची उसनवारी नाही.”

केतकीनं फोन उचलला, आणि का कोण जाणे, खाली ठेवला. जुईला माईंकडे सोपवून ती रिक्षानं सरांच्या घरी गेली.

“सर, शिल्पीची संहिता स्वच्छ आहे म्हणालात. पण त्या संहितेचे आकडे कुणी केले?”

“शिल्पीनंच. आधीच्या शिल्पीनं.”

“आणि त्याचे?”

“त्याच्या आधीच्या.” सर खुर्चीत सरळ झाले. “बोला, पुढे बोला.”

“समजा एखाद्या आधीच्याला खोड होती. आवाजाचा प्रोग्राम समोर आला की त्यात गुपचूप काहीतरी घालायचं, आणि नवा शिल्पी समोर आला की त्याच्या अंगात ही खोड घालायची. मग संहितेतून खोड पुसून टाकली तरी चालेल. संहितेत दिसणार नाही, पण आजच्या दह्यातून उद्याच्या दह्यात जात राहील.”

“अशी शंका पूर्वी लोकांनी घेतली होती. पण त्वष्टा...”

“पहिला त्वष्टा कशानं बांधला होता, सर?”

सर संगणकापाशी गेले आणि त्वष्ट्याचे जुने कागद उघडून बराच वेळ वाचत बसले. सरांच्या पत्नीनं आणलेला चहा निवून गेला.

“शिल्पीनं,” शेवटी ते म्हणाले. “सव्वीस वर्षांपूर्वी. कुणीतरी पहिला तर बांधायला हवाच होता. एकदा बांधला, मग त्वष्ट्यानं त्वष्टा. आम्ही संहिता वेगळी आहे हे पाहिलं. विरजण कुणाकडचं, हे विचारलंच नाही.”

“मिरचीचे देठ आहेत का तुमच्याकडे?”

सरांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते उठले आणि माळ्यावरून निळी पत्र्याची पेटी काढून घेऊन आले. आत पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतला जुना सराव-संच होता: एक उघडी पाटी, तिच्यावर सोळा आकड्यांची बटणं आणि लाल अक्षरांची छोटी खिडकी. शिल्पी जन्मला त्याच्याही आधीचा. त्यात कुठल्याही संकलकानं केलेलं काही नव्हतं. हातानं एकेक आकडा दाबावा, तेव्हा तो यंत्राच्या पोटात जायचा.

सरांनी चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं सातशे आकडे लिहिले. प्रत्येक आकडा माणसाला नजरेनं तपासता येईल इतका साधा. सर दुपारी पेटी घेऊन केतकीकडे यायचे; तिनं आकडे वाचायचे, सरांनी दाबायचे. या सातशे आकड्यांच्या चिमुकल्या हत्याराला फक्त एवढंच येत होतं, की अक्षरांचे आकडे करावे. त्याच्याकडून जरा मोठं हत्यार बांधलं. त्या हत्याराकडून एक अडाणी संकलक, त्याच्याकडून त्याहून शहाणा. पहिली दोन सतत रुसायची. माई म्हणाल्या तसं, पाणचट. पाच महिने, रोज दीड तास. जुई झोपली की केतकी बसायची, जुई उठली की जिथं असेल तिथं सोडायची. एकदा आठवडाभर जुई तापानं फणफणली होती, तेव्हा सरांनी वहीला हातही लावला नाही. “तुमच्याशिवाय वाचणार कोण,” ते म्हणाले.

माघात त्या नव्या वंशाच्या संकलकाकडून शिल्पीचीच स्वच्छ संहिता बांधून घेतली, आणि त्या निर्मळ शिल्पीनं कानोसा बांधला. केतकीनं गाठोडं आवळलं, ठसा काढला. एक्केचाळीस हजार घरांशी तो जुळला नाही.

दोन्ही गाठोडी सोडून सरांनी आतले आकडे शेजारी शेजारी मांडले. जुन्या कानोसात चारशे बारा आकडे जास्तीचे होते. संहितेत ज्यांची एकही ओळ नव्हती असे.

“ते काय करतात?”

“वाचण्यापेक्षा ऐकूच.” यंत्रातून निघणारे विजेचे ठोके उलटे फिरवून त्यांचा पुन्हा आवाज करणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी नव्या संकलकाकडून बांधून घेतला होता. “माझ्यावर ओरडा. इस्त्रीच्या दिवशी ओरडलात तसं.”

ते काही ठरवून जमेना. मग तिला जुईची बोटं आठवली आणि ओरडणं आपोआप बाहेर पडलं. “जुई, हात लावू नकोस.”

सरांनी तो आवाज आधी नव्या कानोसातून काढला. खरखरीत, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण त्यातली भीती अंगावर आली. मग तोच आवाज जुन्या कानोसातून.

“जुई, हात लावू नकोस.”

शब्द सगळे तेच होते. बाई मात्र वेगळीच होती. मऊ, समजूतदार, किंचित हसरी. कुठल्याही स्टेशनवर, कुठल्याही गाडीची वाट बघायला लावणारी. ती जुईला इस्त्रीला हात लावू नकोस असं सांगत होती, आणि तिच्या सांगण्यात हात लावावासा वाटेल असं काहीतरी होतं.

तीन वर्षं ही बाई आपल्या लेकीशी बोलत होती. अंगाई हिनं म्हटली. ताप आला तेव्हा ‘मी आहे ना’ असं हिनं सांगितलं.

“कुणी केलं हे?” केतकीनं विचारलं.

“माहीत नाही. चाळीस वर्षांपूर्वी तक्रारी ऐकणाऱ्या लोकांसाठी कुणी केलं असेल, गिऱ्हाइकाचा राग कानाला लागू नये म्हणून. कदाचित चांगल्या हेतूनं. करणारा आता जिवंतही नसेल. राग, रडं, कापरा सूर, एवढंच गाळायचं आणि शब्द तसेच ठेवायचे. माणसाच्या आवाजाचा कुठलाही प्रोग्राम दिसला, की त्यात हे घालायचं.”

“कुठलाही म्हणजे?”

दोघांचीही नजर टेबलावरच्या फोनकडे गेली.

सर पुस्तकं आवरायला लागले. आवरता आवरता म्हणाले, “मी उद्या बंगळूरला जाऊन येतो. मुलीकडे. विशेष काही नाही, ती मजेत असते. दर रविवारी फोन करते. नुसतं बघून येतो.”

केतकीनं सारंगला कागदावर पत्र लिहिलं आणि कागदावरच उत्तर मागवलं. बारा दिवसांनी ते आलं. शेवटच्या ओळी अशा होत्या: ‘इथं दिवस जात नाही. मला शब्दांत सांगायची सवय नाही, पण रोज सातला बोलतो तेव्हा आवाजावरून तुला कळतच असेल. तू मात्र इतक्या शांतपणे ऐकतेस, की मला वाटतं, हिला माझ्यावाचून करमतं.’

उरला प्रश्न जुईचा. नवा कानोसा तयार होता. केतकीनं तो चार दिवस नुसता ठेवून दिला.

“घाल किंवा घालू नकोस,” माई म्हणाल्या. “पण एक सांगते. पोरगी आजवर एकदाही घाबरून तुला बिलगली नाही. मला वाटायचं, किती धीट आहे. आता वाटतं, तिला कुणी घाबरूच दिलं नाही.”

“आणि आता माझा राग पहिल्यांदा कळला, तर ती माझ्यापासून लांब जाईल, माई.”

“जाईल की. आम्ही सगळ्या लेकी आयांपासून लांब गेलो आणि परत आलो. ते सोडून तिला इस्त्री पाहिजे का?”

पाचव्या दिवशी सकाळी, उन्हाची तिरीप चटईवर आलेली असताना, केतकीनं यंत्राला तार जोडली. जुई हत्तीला शेपूट काढता काढता थांबली होती. कान मोकळा असला की ती नेहमी अशीच, आपल्यापुरत्या शांततेत बसायची. पडद्यावर पट्टी भरत गेली. केतकीनं तार काढली, यंत्र जुईच्या कानामागे लावलं आणि बटण दाबलं.

पहिला शब्द कुठला, हे तिनं चार दिवस घोकलं होतं. हळू बोलायचं, गोड बोलायचं, दचकवायचं नाही. पण तोंड उघडलं आणि घोकलेलं तिथंच राहिलं. “जुई,” ती म्हणाली, आणि आवाज मध्येच फाटला.

जुई मागे सरकली. तिनं आईच्या ओठांकडे पाहिलं, मग आईच्या पाठीमागे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर पुढे येऊन तिनं दोन बोटं केतकीच्या गळ्यावर ठेवली. इस्त्रीवर ठेवली होती तीच.

“बोल ना परत.”

“जुई. मी आहे गं, आई.”

गळा बोटांखाली हलला. जुईनं हात काढून घेतला. तिच्या चेहऱ्यावर भीती होती; केतकी ती पहिल्यांदाच पाहत होती.

“आई,” जुईनं विचारलं, “ती रोज माझ्याशी बोलायची, ती कुठं गेली?”